डोणीतली साहती

“सकाळी सातला या,” असा निरोप होता. बिअरसाठी सकाळी सातला बोलावणारा यजमान मला जन्मात पहिल्यांदाच भेटत होता. धावतच गेलो. दुपारी दोनपर्यंत थेंब मिळाला नाही.

फिनलंडमध्ये, हेलसिंकीच्या उत्तरेला लाम्मी नावाचं गाव आहे. तिथल्या एका शेतघरी मी साहती पाहायला गेलो होतो. साहती म्हणजे इथली घरगुती बिअर. जवाचं माल्ट, थोडी राय, ज्युनिपरच्या डहाळ्या आणि पावाला लागतं तेच यीस्ट. यजमान आजोबा माल्टवर गरम पाणी ओतायचे, ढवळायचे, झाकायचे आणि बाकावर जाऊन बसायचे. तासाभराने आणखी थोडं, आणखी गरम. घाईने उकळतं पाणी ओतलं, तर स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्सच मरतात. मी आपलं म्हटलं, “हवा छान आहे.” आजोबा गप्प. चाळीस मिनिटांनी म्हणाले, “हो.”

मग कूर्ना आली. झाडाचं खोड कोरून केलेली लांबोडकी डोण! आमच्या गावी अशा डोणीत म्हशी पाणी पितात. आजोबांनी तळाशी ज्युनिपरच्या डहाळ्या अंथरल्या आणि वर तो सगळा लगदा ओतला. बूच काढल्यावर तपकिरी धार लागली. बोट लावून चाटलं. काकवीत कुणी जंगल बुडवलं होतं.

“आता उकळायची?”

“नाही.”

“प्यायची कधी?”

“पुढच्या आठवड्यात.”

माझा चेहरा बघून त्यांनी तळघरातून आधीची साहती आणली, हारिक्का नावाच्या दोन कानांच्या लाकडी भांड्यात. फेस नाही, बुडबुडे नाहीत, ताकासारखी गढूळ. तोंडाशी नेली तर पिकल्या केळ्यांचा घमघमाट! बिअर मागितली आणि शिकरण आली? पण आत केळं नव्हतंच. तो वास यीस्टचा प्रताप. ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्यातही बिअर फसफसावी म्हणून आधी झाडाची बोंडं घालतात, मग अस्वलाची लाळ; शेवटी जमतं ते मधाने. त्या मानाने केळं सोज्वळच. साहती आठ टक्क्यांची आहे, हे मात्र उठताना कळलं.

निघताना आजोबांनी बाटली दिली. “थंड ठेवा. झाकण सैल.” आख्ख्या दिवसातलं ते त्यांचं सर्वांत लांब भाषण. बॅगेत सांडू नये म्हणून मी झाकण गच्च पिळलं आणि बाटली हॉटेलात हीटरशेजारी ठेवली. रात्री दोनला ‘फट्!’ झालं. माझे तिन्ही शर्ट परतीच्या विमानात केळ्यांच्या घडासारखे दरवळत होते.

२००२ पासून युरोपियन संघाने साहतीला पारंपरिक खाद्यपेय म्हणून संरक्षण दिलं आहे. पण न उकळलेली साहती फार टिकत नाही, आणि उबेत तर मुळीच नाही. तेव्हा प्यायची असेल तर लाम्मीलाच जा. आणि न्याहारी करून जा.