लाभ, दोन, तीन

रात्री पावणेबाराला मंगल कार्यालयाच्या मालकांचा फोन आला. आवाजात राग नव्हता. वरात दारात पोहोचली आणि नवरदेव मागच्याच गावात राहिला, असं कळल्यावर माणूस जसा गप्प होतो, तसा तो आवाज होता. "अहो, मे महिन्यातली सगळी लग्नं तुमच्या वेबसाइटनं जूनमध्ये नेली. ३१ मेचं तर १ जुलैला लागतंय. तेव्हा आमच्या अंगणात बेडूक असतात हो, वऱ्हाडी नसतात."

मी घरी बसून एकट्यानं वेबसाइट करून देणारा माणूस. साहेब मीच, शिपाईही मीच. त्यामुळे चूक कुणाची हा प्रश्न आमच्याकडे चटकन सुटतो. ती सापडायला मात्र दोन तास आणि तीन कप चहा लागला. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या १० दिवसांत उभी केली. तिच्यात दिवस एकपासून मोजतात, महिने मात्र शून्यापासून. जानेवारी शून्य, मे चार, डिसेंबर अकरा. मालकांनी भाबडेपणानं पाच लिहिलं, संगणकानं तितक्याच भाबडेपणानं जून वाचला. जूनला ३१ तारीख नसते म्हणून तो अडलासुद्धा नाही. भरलेल्या एसटीत कंडक्टर म्हातारीला मागच्या बाकावर सरकवून बसवतो, तसं त्यानं ते लग्न जुलैत बसवलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. मोजायला सुरुवात कुठून करायची, एवढाच मतभेद.

मला आजी आठवली. ओटीवर तांदूळ मोजायला बसली की पहिल्या पायलीला ती कधी 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणायची. लाभ, दोन, तीन... पायली शिगोशीग भरायची, ओघळलेले चार दाणे पुन्हा राशीत जायचे, आणि तिचा आवाज पुढच्या आकड्यावर सरकायचा. आजीला एक येत नाही, अशी माझी कितीतरी दिवस समजूत होती. तिचा अपमान होऊ नये अशा बेतानं मी तिला तो हळूच शिकवायचोही. ती मान डोलवायची आणि पुन्हा लाभपासून सुरू करायची.

दुरुस्ती एका ओळीची होती: आलेल्या महिन्यातून एक वजा. जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात, म्हणून त्या एकाचं नाव मी 'लाभ' ठेवलं. मग ओळ वाचून पाहिली: महिना वजा लाभ. माझ्या धंद्याचा ताळेबंद इतक्या थोडक्यात आजवर कुणी मांडला नव्हता.

पहाटेपूर्वी सगळी लग्नं मेमध्ये परतली. पुढेमागे दुसराच कुणी ती फाईल उघडेल, आणि या माणसाला एक येत नसावा असं समजून तो शब्द दुरुस्त करायला घेईल. घेऊ दे. मीही आजीला एक शिकवतच होतो.