अण्णांची कुजबूज

आमच्या लालबागच्या चाळीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते वासावरून कळायचं. आमच्या घरी काय शिजतंय, त्याला किती पैसे पडले आणि ते कुणाकडून उसने आणले, एवढं सगळं अण्णांच्या कुजबुजीवरून कळायचं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे विणकर. शेकडो साचे एकदम खडखडतायत, धोटे इकडून तिकडे आपटतायत, अशा खात्यात रोजची पाळी काढायची. शेजारचा माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला तरी त्याचे नुसते ओठ हलताना दिसत. गोंगाटानं येणारा बहिरेपणा कायद्यातही धंद्याचा आजार म्हणून नोंदलेला आहे. अण्णांच्या मते मात्र त्यांचे कान ठणठणीत होते, लोकच अलीकडे पुटपुटायला लागले होते.

साचेखात्यात बोलणं चालायचं ते ओठांवरून आणि बोटांच्या खुणांवरून. त्यामुळे अण्णांना मागून हाक मारून काही उपयोग नसे, पण समोरच्या चाळीच्या गॅलरीत दोन बायका काय बोलतायत ते त्यांना घरबसल्या कळे. आई म्हणायची, "ह्यांका सांगलेला ऐकाक येत नाय, आणि नको ता बरोबर ऐकाक येता."

परळच्या दामोदर हॉलमध्ये कोकणातल्या मंडळांची नाटकं व्हायची. नट सगळे गिरणीतले, तालमी पाळ्या सांभाळून केलेल्या. म्हणजे अर्धं नाटक विंगेतल्या प्रॉम्प्टरच्या भरवशावर. अण्णा पहिल्या रांगेत अगदी कडेला बसत, कारण तिथून प्रॉम्प्टरचे ओठ दिसत. नायकाचा विनोद त्याच्या तोंडून बाहेर पडायच्या आधीच अण्णा हसून मोकळे होत. एकदा नायकाला प्रॉम्प्टरचं ऐकूच येईना. तो नुसता घाम पुसत उभा. अण्णांनी जागेवरूनच ते वाक्य दिलं, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. टाळ्या पडल्या त्या अण्णांना. पुढच्या वर्षी मंडळानं त्यांना मानानं फुकट पास दिला, शेवटच्या रांगेचा.

ताईला बघायला पाहुणे आले, तेव्हा अण्णांना गप्प बसायची ताकीद होती. पोहे झाले, मुलाचे वडील खोली न्याहाळत होते. अण्णा आईकडे कलले आणि त्यांनी अगदी खासगीत मत दिलं, "झील बरो आसा, पण बापूस चिकट दिसता." खालच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला. मुलाचे वडील लालबुंद. पण माणूस मानी निघाला. आपण चिकट नाही हे दाखवायला त्यांनी देण्याघेण्याचा विषयच काढला नाही, वर जेवणावळीचा अर्धा खर्च उचलला. आईनं पुढे आयुष्यभर अण्णांच्या कुजबुजीला नावं ठेवली, पण हा एक प्रसंग वगळून.

मग 18 जानेवारी 1982 उजाडला आणि डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. भोंगे थांबले. कितीतरी बिऱ्हाडं गावाला निघून गेली. अण्णा राहिले आणि गावाहून कोकमं, कुळीथ मागवून रस्त्यावर विकायला बसले. हा धंदा खरं तर त्यांच्यासाठीच होता. जाहिरातीला गळा होता आणि घासाघीस करणाऱ्याचं त्यांना ऐकू येत नव्हतं. "भाव कमी करा" म्हणणारी बाई त्यांच्या चेहऱ्यावरचं निर्मळ हसू बघून दमून पैसे काढायची. तरीही धंदा बुडाला. कारण खात्यातला जोडीदार समोर येऊन काही न बोलता नुसते ओठ हलवायचा, आणि ते अण्णांना बरोबर ऐकू यायचं. उधारीची वही अजून आमच्याकडे आहे. अण्णांनी ती कधी कुणाला दाखवली नाही. वसुलीची गोष्ट त्यांनी काढली असती तर सगळ्या लालबागला कळली असती, आणि मला वाटतं म्हणूनच त्यांनी ती काढली नाही. त्यांच्या पोटात राहिलेलं हे एकच गुपित.

मी नोकरीला लागल्यावर त्यांना कानाचं यंत्र आणलं. दोन दिवस त्यांनी ते निमूटपणे लावलं. तिसऱ्या दिवशी काढून डबीत ठेवलं आणि म्हणाले, "ह्या घरात इतकी भांडणां होतत, माका म्हायतच नव्हता."

पुढे गिरणी कामगारांना घरं द्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी अर्ज भरला. 2012च्या जूनमध्ये म्हाडानं 6,925 घरांची सोडत काढली, घर 225 चौरस फुटांचं. अण्णा यादी बघायला स्वतः गेले. नाव नव्हतं. घरी येऊन त्यांनी हे आईच्या कानात सांगितलं, त्यामुळे चाळीत कुणालाच वेगळं सांगावं लागलं नाही.

अण्णा गेले. अर्ज अजून चालू आहे. वारस म्हणून त्यावर आता माझं नाव लागलंय, नंबर मात्र लागलेला नाही.