अण्णांचा तक्ता

बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नाहीतर शेअर बाजारात. आमच्या सोसायटीतले अण्णा औषधांच्या भावात शिरले, देशोदेशींच्या भावांचा तक्ता करायला बसले. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी लंडनला, भाचा जर्मनीत. म्हणजे तीन रकाने घरचेच. रविवारी फोन लागला की नातवंडांची चौकशी नंतर, आधी प्रश्न: "मधुमेहाच्या गोळीचा, मेटफॉर्मिन 500 चा, तिकडे भाव काय?"

आपला रकाना सोपा, असं त्यांना वाटलं होतं. स्ट्रिपवर एमआरपी छापलेलीच असते. पण एक केमिस्ट दहा टक्के सोडतो, दुसरा पंधरा, आणि जनऔषधी केंद्रात तेच औषध निम्म्याहून कमी. पहिल्याच रकान्यात खाडाखोड!

मुलगी म्हणाली, "बाबा, इंग्लंडमध्ये एका औषधाला 9 पौंड 90 पेन्स. गोळी कुठलीही असो."

"बरं, लिहितो."

"थांबा, मधुमेह्यांना तेही नाही. फुकट. आणि स्कॉटलंडमध्ये तर सगळ्यांनाच फुकट."

"अगं, पण गोळीचा खरा भाव?"

"तो सरकार आणि कंपनी बघून घेतात."

आता शून्याच्या किती पट, हे काढायला अण्णांनी कॅल्क्युलेटर घेतला. त्यानेही हात टेकले.

भाच्याने नियम सांगितला: रुग्णाने किमतीच्या दहा टक्के द्यायचे, पण सहसा पाच युरोंच्या खाली नाही आणि दहाच्या वर नाही. अण्णांनी तो समासात लिहिला, कारण रकान्यात मावेना.

खरा घोळ घातला अमेरिकेने. तिथे भाव डोळे पांढरे करणारे, ही अण्णांची पक्की समजूत. मुलगा म्हणाला, "ब्रँडेड औषधांचे, हो. मेटफॉर्मिन तर काही दुकानांत महिन्याचं चार डॉलरला मिळायचं." ब्रँडेडचा जाहीर भाव एक, विम्याच्या मध्यस्थांना कंपनी मागच्या दाराने किती सूट देते, ते गुपित. शिवाय डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, संपेपर्यंत जानेवारीत एक भाव, डिसेंबरात दुसरा.

"म्हणजे भाव औषधाचा नाही, घेणाऱ्याचा!" अण्णा गरजले आणि तक्त्यात चार नवे रकाने आखले: वय, विमा, आजार, महिना.

स्वतःची रक्तदाबाची गोळी मात्र ते कोपऱ्यावरच्या दुकानातून पूर्ण एमआरपी मोजून आणतात. "अण्णा, जनऔषधी समोरच आहे की," मी म्हटलं.

"घाई काय आहे? आधी तुलना तर पूर्ण होऊ दे!"