व्हायरस-सीरम-टॉक्सिन आजोबांस अनावृत पत्र

तीर्थस्वरूप व्हायरस-सीरम-टॉक्सिन कायदा आजोबा, मुक्काम वॉशिंग्टन, यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, तुम्ही शंभरी ओलांडलीत तरी तुमचा यथोचित सत्कार झाल्याचे ऐकिवात नाही. ४ मार्च १९१३चा तुमचा जन्म. हॉग कॉलऱ्याने डुकरे पटापट मरत होती आणि भोंदू विक्रेते शेतकऱ्यांच्या गळ्यात बोगस लशी मारत होते. पाळीव जनावरांच्या उपचारासाठी कोणी कुचकामी किंवा घातक माल विकू नये, एवढे पाहणे हे तुमचे काम. ते तुम्ही इमानेइतबारे केलेत. पण नव्वदीत तुमच्या हातून अमेरिकेच्या कृषी खात्याने जो पराक्रम करवून घेतला, त्यापुढे ती डुकरे काहीच नाहीत.

२३ डिसेंबर २००३ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या मॅबटनच्या एका गाईला 'मॅड काऊ' रोग असल्याचे जाहीर झाले. गाय मूळची कॅनडाची, पण बदनामी अमेरिकेच्या पदरात पडली. जपान आणि दक्षिण कोरियाने लगोलग दारे लावली. जपान म्हणजे वर्षाला शंभर कोटी डॉलरहून अधिकचे गिऱ्हाईक. त्यांच्याकडे हा रोग २००१ साली सापडला, तेव्हापासून ते कत्तलीचे प्रत्येक जनावर तपासत होते. आम्ही आमचे तपासतो, तुम्ही तुमचे तपासा, एवढेच त्यांचे म्हणणे.

कॅन्सासातल्या आर्कान्सा सिटीच्या क्रीकस्टोन फार्म्स या कंपनीने ते ऐकले, हा तिचा गुन्हा. प्रत्येक जनावर आम्ही तपासू, खर्च आमचा, असे म्हणून तिने प्रयोगशाळाही उभारली. जनावरामागे खर्च सुमारे २० डॉलर. आणि बंदीपायी बुडत होते, तिच्याच हिशेबाने, दिवसाला दोन लाख डॉलर. एप्रिल २००४मध्ये खात्याने तुमचाच आधार घेऊन सांगितले, नाही. तपासलेले मांस अधिक सुरक्षित असा ग्राहकाचा समज होईल, आणि त्याला शास्त्राचा आधार नाही!

इथे खात्यावर अन्याय नको. शास्त्र खरेच तसे आहे. रोग अंगात मुरायला वर्षे लागतात, मेंदूच्या चाचणीत तो उशिरा दिसतो, आणि अमेरिकेतली बहुतेक गुरे ३० महिन्यांच्या आतच कापली जातात. त्यामुळे कोवळ्या जनावराच्या निर्मळ अहवालावरून फारसे काही सिद्ध होत नाही. खरे संरक्षण दोन गोष्टींत : गुरांना गुरांचेच अवशेष चारण्यावर १९९७पासूनची बंदी, आणि कत्तलीत मेंदू-मज्जारज्जू काढून टाकणे. मान्य. मग हेच पाकिटावर छापायला लावायचे होते. 'चाचणी केली आहे, तिच्यावर फार विसंबू नये.' गिऱ्हाईक शहाणे असते, पैसे त्याचे असतात. आमच्याकडे दूध डेअरीवर शेतकरी फॅटच्या मशीनवर डोळा ठेवून उभा असतो, मोजमापात मारले जाऊ नये म्हणून. तुमच्याकडे मोजायला विकणाराच तयार, आणि मशीन अडवून धरणारे सरकार!

मुक्त बाजाराच्या माहेरघरी असे का व्हावे? एकाने तपासले की जपानी गिऱ्हाईक बाकीच्यांनाही विचारणार, ही धास्ती. मोठ्या कंपन्यांना आणि गुरेवाल्यांच्या संघटनेला ते नको होते. शिवाय एखादा अहवाल चुकून 'बाधित' आला तर बाजार कोसळेल. म्हणजे रोगापेक्षा अहवालाची भीती मोठी.

सरकारी शिक्का मात्र चालत होता. डिसेंबर २००५मध्ये जपानने २० महिन्यांच्या आतल्या जनावरांपुरते दार किलकिले केले. पुढच्याच महिन्यात नारिता विमानतळावर रीतसर शिक्क्याच्या खोक्यात निषिद्ध पाठीचा कणा निघाला, आणि दार पुन्हा बंद!

२००६ साली क्रीकस्टोन कोर्टात गेली. मार्च २००७मध्ये न्यायाधीश जेम्स रॉबर्टसन म्हणाले, जनावर मेलेले आहे, रोगाला औषध नाही, मग चाचणी हा उपचार कसला? ऑगस्ट २००८मध्ये वरच्या कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी ते फिरवले. निदान हासुद्धा उपचाराचाच भाग, असे ठरले. आजोबा, आधी रोग्याला कापायचे, मग त्याचे डोके उघडायचे आणि याला उपचार म्हणायचे, हे वैद्यकशास्त्र तुमच्या नावावर नोंदले गेले आहे. खाते स्वतः त्याच प्रकारच्या चाचण्या वापरत होते, वर्षाला सुमारे ४० हजार जनावरांवर. कत्तल होत होती तीन कोटींहून अधिक जनावरांची. सरकारने केली की देखरेख, मालकाने केली की दिशाभूल.

तेव्हा विनंती एवढीच की, बोगस लस विकणारे अजून संपलेले नाहीत. त्यांच्या पाठी लागावे, आणि स्वतःच्या पैशाने स्वतःचा माल तपासून घेणाऱ्याला सोडून द्यावे.

आपला नम्र,
एक संशयी ग्राहक

ता. क. : अमेरिकन गोमांसावरची वयाची अट जपानने मे २०१९मध्ये काढून टाकली. मॅबटनची गाय सापडल्याला तेव्हा पंधरा वर्षे उलटून गेली होती.