हिरवा ठिपका

वेबसाइटच्या उजव्या कोपऱ्यात 'काही मदत हवी?' विचारणारा गोल बुडबुडा असतो ना, तो भाच्याच्या वेबसाइटवर माझ्या आग्रहानं आला. उदयनगरात त्याचं मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान आहे. ग्राहक त्याचे, पण बुडबुड्यात फोटो माझा. "मामा, तुम्हाला पंपातलं काय कळतं?" त्यानं विचारलं. "चेहरा विश्वासाचा लागतो," म्हणत मी केस काळे होते तेव्हाचा फोटो दिला. स्वागताचं वाक्यही माझंच, खास हिंदीत: 'आपकी सेवा में सदैव तत्पर.' 'सदैव' टाइप करताना माझा मलाच आदर वाटला.

कोड पानाच्या अगदी शेवटी, बॉडीचा टॅग बंद होण्याआधी चिकटवायचा. चिकटवला. बुडबुडा दिसेना. कॅशे साफ केला तर दोन दिसायला लागले: एक आमच्या कोडचा, दुसरा प्लगिननं परस्पर आणलेला. "एक काढू," भाचा म्हणाला. पण मी पडलो देवासचा, मला त्यात वावगं काही वाटेना. आमच्या गावाला १९४८ पर्यंत राजेसुद्धा दोन होते! थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन्हीकडे पवारच. गाव एक, देवीची टेकडी एक, पण इंग्रज दोघांनाही १५-१५ तोफांची सलामी देत; एक जरी कमी झाली असती तरी गावात काय झालं असतं, कल्पना करा. १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर थोरल्या महाराजांचा खासगी सचिव म्हणून राहिला आणि १९५३ मध्ये त्यानं त्या टेकडीच्या नावानं पुस्तक काढलं. धाकट्या पातीला असा लेखक का मिळाला नाही, यावर मी येत होतो, तेवढ्यात भाच्यानं प्लगिन बंद करून धाकटी पाती खालसा केली.

उरलेल्या बुडबुड्याचं घड्याळ मुळातच लंडनच्या वेळेवर होतं. दुकान सकाळी ९ ते रात्री ८. बुडबुड्याच्या हिशेबानं दुपारी अडीच ते रात्री दीड. तेवढा वेळ माझ्या फोटोशेजारी हिरवा ठिपका.

शेतीची वीज रात्री आली, की माणूस शेतात जातो. अशाच एका मध्यरात्री कुणी लिहिलं: 'भैया, मोटर गूं-गूं कर रही है, घूम नहीं रही.' बुडबुड्यानं उत्तर दिलं, 'आपका संदेश हमारे लिए अमूल्य है.' मग आलं: 'कोई है?' पुन्हा 'अमूल्य'. पुन्हा 'कोई है?'

माझा मोबाइल वाजत होता म्हणून मी उठलो आणि भाच्याला उठवलं. "आधी बंद करायला सांगा, वाइंडिंग जळेल!" तो ओरडला. "कपॅसिटर गेला असेल." मी कळवलं. पलीकडून 'ठीक है भैया' आलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. अंधारात, गव्हाच्या ओल्या वाफ्यात उभा राहून माणूस एका ठिपक्यावर भरवसा ठेवतो, आणि आपण त्याला 'अमूल्य' म्हणून वाटेला लावतो. याची चीड अजून गेलेली नाही.

सकाळी तो कपॅसिटर न्यायला आला. माझ्या पांढऱ्या डोक्यापलीकडे बघत म्हणाला, "वो फोटोवाले भैया कहाँ हैं?" "छुट्टी पे हैं," मी म्हटलं.

भाच्यानं घड्याळ भारतीय वेळेवर आणलं, दुकान बंद असताना दिसणारा मजकूरही बदलला: 'मोटर गूं-गूं करे तो पहले बंद करो, फिर फोन लगाओ.' खाली स्वतःचा नंबर. 'करो'च्या जागी निदान 'कीजिए' तरी हवं होतं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं.