आधी शटर, मग लेन्स

कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यात हल्ली काळविटाच्या शिंगांपेक्षा लांब लेन्सा दिसतात. गळ्यात कॅमेरा पडून आठवडा होत नाही, तोच अ‍ॅपर्चर, आयएसओ, रॉ, हिस्टोग्राम सगळं एकदम हवं. यूट्यूबवरचे गुरुजी रोज नवा मंत्र देतातच. काळवीट उधळलं की ताशी 80 किलोमीटरपर्यंत वेग घेतं. साहेब तेव्हा कॅमेऱ्याच्या मेन्यूत! अहो, महिनाभर नुसता शटरचा वेगच बदलून बघा की. 1/1000 सेकंदाला शिंगं स्पष्ट, 1/30 ला काळा-पांढरा फराटा, एवढं उमगलं तरी पुष्कळ. त्या सरावाला जंगलही नको. वाशीमच्या रस्त्यावर ऑटो कमी धावतात का? आणि ती महागडी लेन्स? सोयाबीनचा भाव बघून ठरवा.