अखंड सौभाग्यवती डबीस

जुना जालना,
भोगीचा आदला दिवस

अखंड सौभाग्यवती प्लास्टिकची डबी हिस,


'अखंड सौभाग्यवती' उगीच लिहिलेलं नाही. आम्हा बायकांना हे नुसतं आशीर्वादात मिळतं, तू ते जन्मतःच घेऊन आलीस. तुझी कड चिरते, कोपरा उंदीर कुरतडतो, झाकण कुठल्या तरी लग्नघरी राहतं, पण तू काही जात नाहीस. आमच्या घरातली कितीतरी माणसं गेली. तू माळ्यावर आहेस.

काल माळा आवरायला काढला. मी वर आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खाली स्टूल धरून उभ्या. कोपऱ्यातून युरियाचं एक जुनं पोतं निघालं. तोंड सोडलं तर आत तू. तू म्हणजे तुम्ही सगळ्या. गुलाबी, पोपटी, आकाशी, एक त्या कुठल्याच फळाला नसलेल्या केशरी रंगाची. खाली सतरंजीवर ओतून मोजल्या. डब्या त्र्याहत्तर, झाकणं एकोणपन्नास. मग आम्ही दोघी स्थळं जुळवायला बसलो. हे झाकण हिला लाव, सैल होतंय. ते तिला लाव, बसतंय पण कुरकुरतंय. "अगं, दाब की जरा," आत्याबाई म्हणाल्या, आणि दाबलं तर डबीच तडकली. तासाभराने एकतीस जोड्या लागल्या. बेचाळीस डब्या उघड्या राहिल्या आणि अठरा झाकणं बिनडबीची.

ही सगळी कमाई वाणाची. माझं लग्न झाल्यापासून वीस संक्रांती झाल्या. दरवर्षी मी सदर बाजारातून चार डझन डब्या आणते, दहा रुपयाला एक. म्हणजे चारशे ऐंशी रुपये. पंचेचाळीस बायका येतात, तीन डब्या हाताशी राहतात. मग रथसप्तमीपर्यंत मी वीस-पंचवीस घरी जाते आणि पिशवी भरून तुझ्याच बहिणी घरी आणते. कधी डबी, कधी चाळणी, कधी चहाची गाळणी, कधी साबण ठेवायची ती जाळी. घ्यायलाही आनंद, द्यायलाही आनंद. वापरायची वेळ आली की मात्र प्रत्येकीला आपला स्टीलचाच डबा आठवतो.

तुझा तरी काय दोष म्हणा. तुझ्यात मावतं काय? पाव किलो शेंगदाणे मावत नाहीत. हळद ठेवली की तू जन्माची पिवळी. एकदा लसणाची चटणी ठेवली तर पुढे दोन वर्षं बडीशेपेला लसणाचा वास.

एका डबीने तर मला गार केलं. २०१९ च्या संक्रांतीला मी घरात ठेवायच्या डब्या वेगळ्या कळाव्यात म्हणून त्यांच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. त्यातली एक चुकून वाणात गेली. २०२३ ला कादराबादेत एका ओळखीच्या घरी हळदीकुंकवाला गेले, ओटी भरली, वाण हातात पडलं. घरी येऊन पाहते तर बुडाला लाल ठिपका! चार वर्षं तू जालन्यात हिंडलीस, किती उंबरे ओलांडलेस कोण जाणे, किती जणींनी तुला हळदीकुंकू लावून दिलं-घेतलं. आणि वरच्या पातळ पिशवीची गाठसुद्धा कुणी सोडली नव्हती. अगं, नोटेलाही इतका मान नसतो, तिच्या बदल्यात निदान काही येतं तरी.

बाकी घराणं मोठं आहे हो तुझं. तुझ्या बुडाशी तीन बाणांचा त्रिकोण आणि आत ५ चा आकडा आहे. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. १९५४ साली इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी तुला रूपाला आणलं आणि १९६३ साली त्यांना कार्ल झिग्लर यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेलवाल्यांच्या घरची लेक आणि आमच्याकडे माळ्यावर युरियाच्या पोत्यात! सरकारनेही तुझी अदब राखली. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, पिशव्या आणि थर्माकोलची ताटं गेली. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, फुग्यांच्या काड्या बंद झाल्या. तुझ्या केसाला धक्का नाही, कारण तू एकदा वापरून फेकायची वस्तू नाहीस. तू वारंवार वापरायची. आम्ही वापरलीच नाही, वारंवार दिली.

आता जरा गावाचं बोलू. संक्रांतीचं वाण लुटणं, त्याला आमच्याकडे जुन्या बायका 'आवा लुटणं' म्हणतात. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. संक्रांतीला कुंभाराकडून सुगडं यायची, त्यात बोरं, गाजराचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, गव्हाच्या ओंब्या भरून एकमेकींना द्यायच्या. जे त्या महिन्यात शिवारात असेल ते. सुगड फुटलं तर खापरी झाडाच्या बुडाशी, मातीची माती. ही एक भट्टी. दुसरी भट्टी एमआयडीसीत, तिच्या जोरावर जालन्याचं नाव देशभर झालं. देशातलं, देशाबाहेरचंही भंगार इथे येतं, वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. मागल्या साली आमचा तवा मधोमध तडकला. भंगारवाल्याने तो तराजूत टाकला, पैसे मोजून दिले आणि हसत गेला. आज तो तवा कुणाच्या तरी स्लॅबमध्ये झोपला असेल. त्याच भंगारवाल्यापुढे काल तुझं पोतं ठेवलं. त्याने एक डबी उचलली, बोटाने दाबली, कट्‌कन तडा गेला. "ताई, हे राहू द्या तुमच्याकडंच. वजन भरत नाही अन् घेणारा कोणी नाही."

भट्ट्यांच्या गावात राहून तुझ्यासाठी एक भट्टी नाही. खेड्यात थंडीची शेकोटी पेटते तिच्यात कुणीतरी तुला टाकतं, काळा धूर निघतो, शेकणारी माणसं तोंड फिरवतात आणि खाली तुझा चिकट गोळा राहतो. एवढीच तुझी भट्टी.

आत्याबाईंना मी म्हटलं, टाकून देऊ सगळं. त्या म्हणाल्या, "टाकायचं कशाला? लागतं घरात." त्यांना दोष देता येत नाही. बहात्तरच्या दुष्काळात त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायच्या, मिळेल ती सुकडी खायच्या, घरी रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी. त्या वर्षाने शिकवलं ते त्या अजून पाळतात. शिळ्या भाकरीचा काला होतो, जुन्या लुगड्याची वाकळ होते, वाकळ विरली की पायपुसणं होतं, पायपुसण्याचीही शेवटी मोरीची चिंधी होते. दुधाच्या पिशव्या धुऊन दांडीवर वाळत घालणारी बाई ती. आणि तू शिरलीस ती नेमकी याच दारातून. जी बाई काही टाकत नाही, तिला न टाकता येणारी वस्तू द्यायची! आमच्या काटकसरीवर तू एवढी पोसलीस. टाकायचं नाही, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालं. आणायचंच नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण आणायला तेव्हा होतंच काय.

गैरसमज नको. प्लास्टिकशी माझं वैर नाही. मागच्या अंगणात दोनशे लिटरचा निळा ड्रम आहे. २०१२-१३ ला टँकरच्या मागे बायका धावल्या, मोसंबीच्या बागा जागच्या जागी जळाल्या, त्या उन्हाळ्यात घेतलेला. नळाला पाणी रोज येत नाही अशा गावात त्या ड्रमची मी दसऱ्याला पूजा करते. तो प्लास्टिकचाच आहे, पण पाणी आलं की भरतो आणि वापरून रिकामा होतो.

तुझी थोरली बहीण आहेर. लग्नात आलेला टॉवेल-टोपी आणि ती पिवळ्या पिशवीतली साडी तुझ्यासारखीच गावभर फिरते, निऱ्या न मोडता. समर्थ रामदास आपल्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे. बोहल्यावर 'सावधान' ऐकून ते पळाले अशी कथा आहे, आणि पुढे त्यांचा सगळा संसार एका झोळीत मावला. आहेर सुरू होईपर्यंत थांबले असते तर झोळी पुरली नसती, एवढंच मी म्हणते.

तुझ्या पोत्याशेजारीच काल एक स्टीलचा डबा खाली उतरवला, घासायला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय: आत्याबाईंचं माहेरचं नाव, 'भावाकडून' आणि साल १९८१. त्याच वर्षी १ मे रोजी जालना जिल्हा झाला. जिल्ह्याच्या वयाचा तो डबा. चव्वेचाळीस वर्षं त्यात तुरीची डाळ आहे. एकदा पोचा आला तो भांडीवाल्याकडून काढून घेतला.

असो. आता मुद्द्याचं. तुला शिक्षा काय द्यायची यावर घरात पंचायत बसली.

एकतीस जोड्या घरात राहतील. बटणं, सुया, रबरं, पोरांची खोडरबरं. त्या मोडेपर्यंत नवी डबी आणायची नाही. मला वाटतं त्या आम्हाला पुरून उरतील. झाकणाविना राहिलेल्या बेचाळिसांच्या बुडाला काल दाभणाने भोकं पाडली. माती भरून गच्चीवर ओळीने मांडल्या. बिनडबीची अठरा झाकणं त्यांच्या खाली बशीसारखी ठेवली. त्या डब्यांना इतक्या वर्षांनी झाकण मिळालं, फक्त उलट्या बाजूने. त्यात मेथी पेरली आहे, मिसळणाच्या डब्यातली. आधी फुटक्या बादलीत टाकून पाहिली होती, चौथ्या दिवशी वर आली.

आणि यंदाचं वाणही तेच. लाज वाटायची गोष्ट आहे की हे सुचायला वीस वर्षं लागली. हे गाव बियाण्याचं. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणं कंपनी इथेच काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. इथल्या शेतकऱ्यासमोर 'वाण' म्हटलं तर तो विचारतो, कोणत्या पिकाचं? एवढं सगळं दाराशी असून आम्ही वाण म्हणून काय वाटलं, तर तुला! यंदा अर्धा किलो मेथीदाणे आणले. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानांच्या अठ्ठेचाळीस पुड्या बांधल्या, चिमूटभर जास्त-कमी. लेकीने प्रत्येकीवर पेनाने लिहिलं, 'कुंडीत टाका, पाणी कमी घाला'. खर्च मागच्या वर्षीच्या डब्यांच्या पावपटही नाही.

शेजारच्या वहिनींना सांगितलं तर त्या क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "एवढंच? लोकं काय म्हणतील?" लोकं म्हणतील, हिच्या घरी डबी मिळाली नाही. म्हणू द्या. त्यांच्या माळ्यावर कमी पडल्या असतील तर माझ्याकडून एकतीस घेऊन जा.

एक गोष्ट आणखी. आत्याबाई दहा वर्षांपासून हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसतात. कुणी बसवलेलं नाही, त्या आपणहून जातात, आणि आम्हीही कधी हाताला धरून बाहेर आणलं नाही. मेथी द्यायला कुंकू लागत नाही. यंदा पुड्यांचं ताट त्यांच्या हातात राहील. पहिल्यांदा त्या नाही म्हणाल्या, मग रात्री जेवताना विचारलं, "पुड्या मोजल्यास का नीट?"

तेव्हा डबीबाई, या वर्षी तुला बोलावणं नाही. बाकी सगळ्यांना आहे. हळदीकुंकू रथसप्तमीच्या आधीच्या शुक्रवारी, संध्याकाळी चारपासून. येताना हातात काही आणू नका, आणि घरात कुठे बिनडबीचं झाकण असेल तर तेवढं घेऊन या, गच्चीवरच्या चोवीस डब्या अजून बशीवाचून आहेत.

तुझीच,
एकेकाळची घाऊक गिऱ्हाईक

ता. क. १९८१ च्या डब्याचं झाकण अजून घट्ट बसतं.